त्याला पकडायचेच कशाला?

आषाढात वलवणच्या धरणावर ढग उतरले की समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि गावातील मुले घराघरांतून अडकून पडतात. अशाच एका संध्याकाळी अकरावीत शिकणारा एक विद्यार्थी आमच्या ओसरीवर येऊन बसला. प्रस्तुत लेखकाचा जन्म शाळामास्तरकीत गेला असल्यामुळे निवृत्तीनंतरही मुले शंका घेऊन येतात. त्या सुमारास तो मोबाइलच्या पडद्यावर एक गुन्हेकथा पाहत होता. कथा थोडक्यात अशी: न्यायालयातून पुराव्याअभावी सुटलेल्या नराधमांना एक अज्ञात माणूस हेरतो आणि एकेकाला ठार मारतो. त्याच्या शोधासाठी जे पथक नेमले जाते त्यातील माणसे खात्याला नकोशी झालेली. एक दारूच्या आहारी गेलेला, एकीची वरिष्ठांशी भांडणे झाल्यामुळे कोपऱ्यातल्या टेबलावर बदली झालेली, तिसरा नुसता कागदांत रमणारा विक्षिप्त. हे तिघे त्या खुन्याचा माग काढतात. मुलाने सर्व सांगून झाल्यावर विचारले, “पण सर, मेले ते सगळे मरायच्याच लायकीचे होते. मग त्याला पकडायचेच कशाला?”

प्रश्न मुलाचा असला तरी बालिश नाही. आगगाडीच्या डब्यात, कचेरीच्या मधल्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत हाच प्रश्न निराळ्या शब्दांत रोज विचारला जातो. वर्तमानपत्रात एखाद्या अत्याचाराची बातमी आली की “खटला कसला चालवता? भर चौकात फाशी द्या” असे म्हणणारी माणसे एरवी अत्यंत सौम्य प्रकृतीची असतात. त्यांच्या मनात जे असते तेच त्या कथेत पडद्यावर घडते. म्हणूनच अशा कथांकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष करणे बरे नव्हे. समाज आपल्या न्यायसंस्थेविषयी मनातल्या मनात काय समजतो याची ती एक उघड कबुली असते.

हा कथाप्रकार काही आजचा नव्हे. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढल्या. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ मध्ये निवर्तलेल्या या लेखकाने हजारावर पुस्तके लिहिली. एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाच्या कथेवरून बेतलेल्या ‘चौकटची राणी’पासून त्यांच्या लेखनाचा प्रारंभ झाला. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करणारे. पोलीस त्यांच्या मागावर असत आणि वाचक मात्र त्यांच्या बाजूला. अभ्यासाच्या पुस्तकात ती छोटी पुस्तके लपवून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही काळा पहाड पकडला जावा असे वाटले असेल, हे संभवत नाही.

परक्या साहित्यातही हे कुतूहल जुनेच आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीत, कायद्याच्या हाती न लागलेल्या माणसांना एका निर्जन बेटावर जमवून एकामागून एक ठार करणारा गृहस्थ अखेरीस एक निवृत्त न्यायाधीशच निघतो. ही कल्पना अर्थपूर्ण आहे. ज्याने आयुष्यभर पुरावा तोलला त्यालाच पुराव्याचा कंटाळा आला, तर तो काय करील? न्यायासनावरून उतरून तो थेट वध करू लागेल. न्याय आणि वध यांच्यामध्ये उभी असलेली गोष्ट पुरावा ही होय, आणि ती काढून टाकली की न्यायाधीश व खुनी यांत फरक उरत नाही, हे त्या इंग्रज लेखिकेने फारसा उपदेश न करता सांगून टाकले आहे.

तरीही आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एवढ्यावर उत्तर मिळाले असे मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. कायदा स्वतःचे काम करीत नाही तेव्हा माणसाने काय करावे, हा त्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत भीषण रूप नागपुरात दिसले. १३ ऑगस्ट २००४ या दिवशी अक्कू यादव नावाच्या गुंडाला जामिनाच्या सुनावणीसाठी जिल्हा न्यायालयात आणले असता कस्तुरबा नगर या वस्तीतील जमावाने, त्यातही मुख्यतः स्त्रियांनी, भर न्यायालयात त्याला ठार केले. कित्येक वर्षे त्याने त्या वस्तीत खंडणी, मारहाण आणि बलात्कार यांचे सत्र चालविले होते. तक्रार घेऊन जाणाऱ्या स्त्रियांना पोलीस दाद देत नव्हते, उलट तक्रारीची वार्ता त्याच्याच कानी जाई, असे वस्तीचे म्हणणे होते. पुढे खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली.

त्या स्त्रियांना नीतीचे पाठ देण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. ज्यांच्या दाराशी रोज भय उभे होते त्यांनी वर्षानुवर्षे धीर धरला, हेच आश्चर्य. नागपूरच्या त्या घटनेत पहिला दोष वस्तीकडे जात नाही. वस्तीच्या तक्रारीला जागा न देणाऱ्या यंत्रणेकडे जातो. हे निःसंदिग्धपणे म्हटल्यानंतरच पुढचा प्रश्न विचारता येतो. त्या दिवशी न्यायालयात जे घडले, तो नियम म्हणून आपल्याला चालेल काय?

येथेच कादंबरी आणि वास्तव यांतील एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. कादंबरीतला सूड आपल्याला गोड वाटतो, याचे कारण त्यात अपराधाविषयी संशयाला जागाच नसते. लेखक स्वतः सर्वसाक्षी असतो. नराधमाने केलेला अत्याचार आपण पहिल्याच प्रकरणात डोळ्यांनी पाहिलेला असतो. मग त्याला मारणाऱ्याने चौकशी केली नाही तरी आपली झालेली असते. प्रत्यक्षात असा सर्वसाक्षी लेखक कोठेही बसलेला नाही. येथे असतात त्या ऐकीव गोष्टी, अर्धवट आठवणी, जुनी वैरे, भीती आणि घाई. कथेतला सूडकरी कधी चुकत नाही, कारण चुकणारा सूडकरी नायक म्हणून खपत नाही. प्रत्यक्षातला मात्र चुकतो, आणि त्याने दिलेली शिक्षा मागे घेता येत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी उतरले होते. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली ही माणसे पोटासाठी गावोगाव फिरत. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होता. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण लेकरांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार. त्या क्षणी आपण कायद्याच्या जागी उभे राहून न्याय करीत आहोत, ही त्यांची समजूत प्रामाणिकही असेल. परंतु ते पाच जण निरपराध होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते अनोळखी होते आणि गरीब होते. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने या प्रकरणातील आरोपींपैकी काहींना जन्मठेप दिली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. तो प्रश्न खरा आहे आणि तोच या लेखाचा मुद्दाही आहे.

नागपूर आणि राईनपाडा ही दोन नावे एकत्र घेतलेली कित्येकांना रुचणार नाहीत. एका ठिकाणी पीडितांचा उद्रेक, दुसऱ्या ठिकाणी अफवेचा. दोन्हींचे नैतिक वजन एक नव्हे, हे मान्यच आहे. पण दोन्ही जमावांनी स्वतःला एकच परवाना दिला होता: आम्हांला खात्री आहे, तेव्हा चौकशीची गरज नाही. हा परवाना एकदा समाजाने मान्य केला की तो कोणाच्या हाती जाईल याचे नियंत्रण कोणापाशी राहत नाही.

एकट्याने अनेक खून करणाऱ्या माणसाविषयीही आपल्या कल्पना अशाच कथांनी घडविल्या आहेत. कथेत तो बुद्धिमान असतो आणि पापी लोकांनाच निवडतो. मुंबईने १९६८ साली जो प्रत्यक्ष पाहिला तो रामन राघव. त्याने मारले ते पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्या, दिवसभर राबून दमलेल्या गरिबांना. त्या वेळी मुंबईच्या गुन्हे शाखेचे प्रमुख असलेले रमाकांत कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी ॲलेक्स फियालो नावाच्या फौजदाराने रस्त्यात त्याला हेरून ताब्यात घेतले. ज्याच्या भीतीने उपनगरे रात्र-रात्र जागी राहत होती, तोही न्यायालयापुढे उभा राहिला. त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली, तो बरा न होणारा मनोरुग्ण असल्याचे दिसून आले, आणि ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. एवढ्या क्रूर माणसाचीही प्रकृती तपासून मगच निर्णय करणारी व्यवस्था दुबळी असे कोणी म्हणेल. आम्हांला ती सुसंस्कृत वाटते.

परंतु आपल्याकडे सूडकऱ्याचे सर्वांत लोकप्रिय रूप अज्ञात खुन्याचे नव्हते. ते गणवेशातले होते. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतील पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख केला जातो. टोळीयुद्धांच्या पुढच्या काळात चकमकी वाढत गेल्या आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर किती ‘बळी’ आहेत याचे आकडे क्रिकेटच्या धावांप्रमाणे छापले जाऊ लागले. आपण, म्हणजे याच पानाचे वाचक, त्या आकड्यांना मनोमन टाळ्या देत होतो. न्यायालये मंद, साक्षीदार फुटणारे, गुंड जामिनावर मोकळे. मग वाईट काय झाले, असे आपले म्हणणे असे. अकरावीतला मुलगा तेच म्हणत होता.

या टाळ्यांचा शेवट कोठे होतो हे त्याच काळातल्या एका मराठी कथेने व चित्रपटाने दाखवून ठेवले होते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ काढला. त्यातील फौजदार वेलणकर हाही खात्यात न बसणारा, सरळ आणि संतापी. बड्या गुंडाच्या केसाला त्याला धक्का लावता येत नाही. तो संताप साचत जातो आणि अखेर कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर कोसळतो, तो मरतो. संताप पाण्याप्रमाणे उतार शोधतो. बलवानाकडे तो चढत नाही, दुबळ्याकडे उतरतो. पदपथावर झोपलेला मजूर, बाजारात आलेला डवरी गोसावी, कोठडीतला भुरटा चोर: चौकशीविना दिलेल्या शिक्षेचे बळी बहुधा याच उतारावर सापडतात.

आता त्या कथेतल्या नकोशा झालेल्या तपासकऱ्यांकडे येऊ. आमच्या विद्यार्थ्याला ते कथेतले अडथळे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्यावाचून कथा पुरी होत नाही. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोवा भागात रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया हा चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा वकील असलेला भाऊ ते मानायला तयार नव्हता. त्याने उच्च न्यायालय गाठले, न्यायालयाच्या आदेशाने चौकशी झाली आणि २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. या पथकातील अधिकाऱ्यांना तपास करावयाचा होता तो आपल्याच खात्यातल्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसांचा. त्यांच्याशी खात्यातले किती जण बोलत असतील आणि चहाच्या वेळी किती टेबले त्यांच्यापासून दूर सरकली असतील, याची कल्पना कोणत्याही कारकुनाला करता येईल. २०११ मध्ये या प्रकरणातील प्रमुख साक्षीदार साक्ष होण्याच्या काही दिवस आधी बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. तरीही खटला थांबला नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवून जन्मठेप दिली; त्यांत १३ पोलीस होते. पुढे मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलांचा निकाल देताना ती चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष उचलून धरला.

मारला गेलेला माणूस सज्जन होता असा दावा कोणी केला नाही. त्याच्यावर गुन्हे होते. म्हणूनच हे प्रकरण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. कायद्याचा कस सज्जनाच्या बाबतीत लागत नसतो. तो लागतो तो, ज्याच्यासाठी रडायला कोणी नाही अशा माणसाच्या बाबतीत. ज्यांनी हा तपास केला त्यांना पराक्रमी वीर म्हणून मिरवणूक मिळाली नाही. दूरध्वनीच्या नोंदी, शवविच्छेदनाचा अहवाल, गोळ्यांची तपासणी, पंचनामा आणि जबाब, असल्या रुक्ष कागदांतून त्यांनी काम केले. रुक्ष कागदांत रमणारा हा विक्षिप्त माणूस हाच खरा नायक, असे म्हणायला आपल्याला जड जाते, कारण त्याच्या हाती पिस्तूल दिसत नाही.

येथे वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. न्याय मिळत नाही, खटले पडतात, म्हणून आपण चकमकीला टाळ्या देतो. पण खटले पडतात ते काही अंशी आपल्यामुळेही. पोलीस ठाण्याची पायरी चढायला पांढरपेशा माणूस भितो. पंच म्हणून सही करायला कोणी येत नाही. मग ठाण्याच्या आसपास घोटाळणारी तीच ती माणसे पंच होतात आणि न्यायालयात उलटतपासणीला टिकत नाहीत. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ च्या साक्ष अधिनियमातला नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. तेव्हा खटला उभा राहतो तो स्वतंत्र पंच आणि साक्षीदार यांच्या बळावर. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात शासकीय नोकरांना पंच म्हणून बोलाविले जाते. आलेला लिपिक घाबरत, कुरकुरत का होईना, येतो आणि वर्षानंतर पिंजऱ्यात उभा राहून जे पाहिले ते सांगतो. त्या लिपिकाने न्यायासाठी जेवढे केले असेल तेवढे काळ्या पहाडानेही केले नसेल.

आमच्या गावाशेजारून मुंबई-पुणे रस्ता जातो. घाटात अपघात झाला की गाड्या वेग कमी करतात, माणसे काचेतून पाहतात आणि पुढे जातात. “उगाच साक्षीला कोण जाणार?” हे वाक्य या रस्त्यावर किती वेळा उच्चारले गेले असेल! अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली. कायद्याने आपल्याकडे एक पाऊल टाकले आहे. आपण मात्र काच वर करून निघून जायचे आणि संध्याकाळी पडद्यावर सूडकऱ्याला टाळ्या द्यायच्या, हा सौदा फार सोयीचा झाला.

अर्थात नागरिकांनी साक्षीला उभे राहावे असे सांगताना शासनाला मोकळे सोडता येणार नाही. दहा-दहा वर्षे चालणारा खटला ही स्वतःच एक शिक्षा आहे आणि ती बहुधा फिर्यादीला भोगावी लागते. तपास आणि बंदोबस्त ही दोन कामे एकाच थकलेल्या शिपायाच्या गळ्यात अडकवून चांगल्या तपासाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. कस्तुरबा नगरातील स्त्रियांची तक्रार पहिल्या दिवशी नीट लिहून घेतली गेली असती, तर २००४ च्या ऑगस्टमधला तो दिवस उगवलाच नसता. सूडकरी कथेत जन्मतो तो लेखकाच्या कल्पनेतून. वास्तवात तो ठाणे अंमलदाराने न लिहिलेल्या फिर्यादीतून जन्मतो.

त्या संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्याला हे सारे सांगणे जमले नाही. पाऊस थोडा थांबला तसे आम्ही दोघे धरणाच्या बाजूला फिरायला गेलो. या डोंगरांवर कोसळणारे पाणी पूर्वी मोकाट धावत जाई. लोणावळा, वलवण आणि शिरवता येथे टाटांनी ते अडविले, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला नेले आणि १९१५ पासून त्याची वीज झाली. पाणी तेच, जोर तोच. एका पोराला समजेल असे उत्तर तेवढेच सुचले: “अरे, लोकांच्या रागात जोर असतोच. त्याला भिंत हवी, आणि भिंतीला दारही हवे. दार उघडत नसेल तर ते उघडायला भांडावे. भिंत फोडू नये, कारण खाली वस्ती असते.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सर, शेवटी तो पकडला जायला हवा?”

“पकडला जायला हवा,” मी म्हणालो, “आणि ज्यांना त्याने मारले त्यांच्या फिर्यादी आधी कोणी लिहून घेतल्या नव्हत्या, त्यांनाही विचारायला हवे.”

कथेचा शेवट काय झाला ते त्याने मला अजून सांगितलेले नाही.